खालची मूठ

गावात त्या दोघा भावांची नावं कुणी घेत नसे. थोरल्याला वरचा म्हणत आणि धाकट्याला खालचा. दोघं मिळून मोठी करवत ओढायचे. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, खड्ड्यावर आडवा टाकलेला ओंडका, ओंडक्यावर पाय रोवून थोरला उभा आणि खाली खड्ड्यात धाकटा. थोरला करवत वर ओढायचा, धाकटा खाली. लाकूड कापलं जायचं ते खाली ओढताना. म्हणजे कापायचा खालचा, आणि निघालेल्या फळीकडे बघून मिशीवरून हात फिरवायचा वरचा. भुसा पडायचा तो सगळा खालच्याच्या डोक्यावर, मानेत, नाकात, डोळ्यांत. बापाने दोघांना पहिल्यांदा करवतीला जुंपलं तेव्हा थोरला वर चढला, धाकटा खाली उतरला, आणि पुढे ते तसंच राहिलं.

वरच्याचं म्हणाल तर हात आधी आणि तोंड मागून. कारागीर मात्र पक्का. ओंडक्यावर सूत मारून रेघ पाडली की करवत त्या रेघेवरून केसभर ढळू द्यायचा नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एवढं एक सोडलं तर माणूस सोन्यासारखा, असं लोक म्हणायचे. ते एक काय, हे त्याच्या बायकोच्या पाठीला ठाऊक होतं. तिला घरात थोरली म्हणत. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेली होती आणि तेव्हापासून थोरली फारसं बोलत नसे.

तिठ्यावर लाकूड कापायचं मशीन आलं आणि भावांचं काम आटलं. पण त्या उन्हाळ्यात वादळ झालं आणि नदीकाठचं एक जुनं झाड मुळासकट आडवं झालं. त्याचं खोड एवढं जाड की मशीनवाल्याने हात वर केले. गावाला नदीवर लाकडी पूल हवा होता, तोही पाणी चढायच्या आत. मग काय, लोक वरच्याच्या दारात आले. कितीतरी दिवसांनी कुणी त्याची मनधरणी केली होती. तो फुगला नसता तरच नवल.

आणि नेमका त्याच आठवड्यात खालच्याचा मेव्हणा मोठ्या शहरातून आला. तो तिकडे एका गोदामात होता. गोदामाला राखणदार हवा होता, मागे राहायला खोली होती, आणि महिनाअखेरपर्यंत कळव म्हणून सांगून तो दुसऱ्या दिवशी परत गेला. आता ही गोष्ट एरवी हसण्यावारी गेली असती. पण खालच्याचा डावा डोळा पांढरा पडत चालला होता. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, भुशात काम केलंस तर हा जाईल, आणि मग दुसराही राहणार नाही.

त्या दिवसापासून घरात शहर मोजायला घेतलं सगळ्यांनी. खालच्याची बायको, धाकटी, चुलीपाशी बसून बोलायची. तिथे डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, खोलीत नळ आहे, पोरीला शाळा हाकेच्या अंतरावर आहे. वरचा ओट्यावरून उत्तरं द्यायचा. खोली म्हणजे खाट टाकली की संपली. संडासाला रांग. रात्रभर जागायचं आणि दिवसा पत्र्याखाली भाजायचं. इथे चार माणसं ओळखतात, तिथे उद्या कुणी तुझ्या अंगावरून गाडी नेली तर उचलायलाही कुणी येणार नाही. यातलं खोटं काहीच नव्हतं, आणि खालचाही ते मान्य करायचा. त्याला शहराची भीती वाटत होती. एकदा तर तो म्हणाला की गर्दीत एका डोळ्याचा माणूस डाव्या बाजूने सारखा धक्के खाईल. धाकटी म्हणाली, धक्केच खायचे ना, इथे काय कमी खाताय.

हे वरच्याने ऐकलं. जेवायला बसले होते सगळे. खालच्याने घास खाली ठेवला.

"दादा, हे झाड कापून दिलं की मी जाईन म्हणतो."

वरच्याने समोरचं ताट उचललं आणि फेकलं. ताटाची कड खालच्याच्या कानावर बसली आणि कानाची पाळी फाटली. रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. पोरगी धान्याच्या कणगीमागे जाऊन बसली, तिला ती जागा पाठ होती. धाकटी उठून थेट वरच्याच्या अंगावर गेली आणि म्हणाली, भाऊजी, आता डोळ्यांवर भागत नाही म्हणून कानही हवेत का तुम्हाला? वरच्याने तिला ढकलली. ती भिंतीवर आपटली. थोरलीने खाली सांडलेलं अन्न गोळा केलं, राख आणून दिराच्या कानाला लावली, आणि दुसरं ताट वाढून नवऱ्यापुढे ठेवलं. तिला कुणी विचारलं नव्हतं की शहर बरं की गाव बरं. विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता वरच्याच्या डोक्यात काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर नुसता राक्षसच वाटेल. भाऊ गेला तर करवत गेली. ती करवत एका माणसाला नुसती उचलून नेता येते, ओढता येत नाही. करवत गेली की तिठ्यावर जाऊन मशीनवाल्याचे ओंडके वाहायचे. वरचा म्हणवून घेणाऱ्या माणसाने पाठीवर ओंडके वाहायचे. पण हे भावाला सांगायचं म्हणजे थांब म्हणून विनवायचं, आणि विनवायला लागणारी जीभ त्याला देवाने दिलीच नव्हती.

काम सुरू झालं. कान बांधलेला भाऊ खाली, हा वर. लाकूड ओलं होतं, करवत धरून ठेवायचं. चिरेत पाचर ठोकायची, पात्याला तेल फिरवायचं, पुन्हा ओढायचं. खालच्याने तोंडाला ओलं फडकं बांधलेलं असायचं, त्यामुळे त्याला बोलता यायचं नाही. डोळ्यात गेलं, हात भरून आले, श्वास कोंडला की तो करवतीची खालची मूठ दोनदा हिसकायचा. थांब, एवढाच त्याचा अर्थ. वरचा कधी थांबायचा, बऱ्याचदा नाही. रेघेच्या मध्येच थांबलं की फळीवर वळ राहतो, असं तो म्हणायचा. आणि वरती कळत नाही रे, असंही म्हणायचा. त्या दिवसांत मूठ सारखी हिसकली जात होती आणि वरचा थांबत नव्हता. उलट जोर वाढवत होता. संध्याकाळी खालचा खड्ड्यातून वर यायचा तेव्हा डोळे सुजून चिंचोक्याएवढे झालेले असायचे आणि धाकटी त्याला हाताला धरून घरी न्यायची.

एक दिवस दुपारी वरचा तिठ्यावर गेला. मशीनच्या दोन-चार गड्यांपैकी कुणी खड्ड्यात उतरायला मिळतो का बघावं, म्हणजे धाकट्याचा तोरा उतरेल, असा हिशेब. मशीनवाला खुर्चीत बसून दात कोरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गड्यांना हाक मारून मशीन बंद करायला लावलं, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

"याला खड्ड्यात उतरायला माणूस पाहिजे. आहे का कुणी मेलेला?"

गडी खो खो हसले. मशीनवाला म्हणाला, तू स्वतः का उतरत नाहीस, का तुझ्या डोळ्यांना सोन्याचं पाणी दिलंय? वरच्याने त्याची गचांडी धरली, खुर्चीतून उपसला आणि तोंडावर एक ठेवून दिली. पण तिथे त्याचा भाऊ नव्हता, बायकोही नव्हती. गड्यांनी त्याला मागून धरला, पोटात गुडघे घातले आणि भुशाच्या ढिगात तोंड खुपसून दाबून ठेवला. एकाने मानेवर पाय दिला. तो गुदमरून हातपाय झाडायला लागला तेव्हा सोडला. वरून मशीनवाल्याने सांगितलं, पूल झाला की कामाला ये, ओंडके उचलायला माणूस लागतोच.

घरी आला तर थोरली अंगणात लाकडं फोडत होती. तिने त्याच्या केसांतला भुसा बघितला आणि विचारलं, "कुठे पडलात?"

झालं. कोपऱ्यात लाकूड मोजायचा गज उभा होता. त्याने तो घेतला आणि पाठीवर, दंडावर, मांड्यांवर, जिथे लागेल तिथे मारत सुटला. ती ओरडली नाही. तिला एक सवय होती, मार सुरू झाला की एक हात डोक्यावर घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करायचं. शेजारणी कुंपणाशी आल्या, थोडा वेळ थांबल्या आणि आपापल्या कामाला गेल्या. खालचा घरातून धावत आला, त्याने गज धरला. दोघे भाऊ गजाची दोन टोकं धरून ओढू लागले आणि थोरला त्यातही सरस ठरला. त्याच्या कोपराने खालच्याचा ओठ फुटला.

खालचा रक्त थुंकला आणि म्हणाला, "कसला राग काढतोस हिच्यावर? मी जातोय, मला मार."

"तू जातोस ते डोळ्याचं निमित्त करून. बायकोने शिकवलेलं नाटक आहे सगळं."

"मग एक दिवस उतर ना खाली."

अंगणात सगळे उभे होते. कुंपणापलीकडे पुन्हा माणसं जमली होती. आता माघार कशी घेणार? वरचा म्हणाला, उद्या उतरतो. दिवसभर ओढतो. डोळे शाबूत घेऊन वर आलो की तुझं शहर बंद, पुन्हा नाव काढायचं नाही. खालच्याने विचारलं, आणि नाही आलास तर? वरचा म्हणाला, मग खुशाल जा. थोरली तोवर फोडलेली लाकडं गोळा करून आत घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी लोक बघायला आले. वरचा खड्ड्यात उतरला आणि खालचा ओंडक्यावर चढला. वर चढल्यावर तो पाय रोवायला जागा शोधत राहिला, कारण तिथे तो कधी उभाच राहिला नव्हता. वरच्याने खालून त्याला दोन शिव्या हासडल्या, फडकं बांधलं आणि मूठ धरली.

पहिल्यांदा काही वाटलं नाही. हात मजबूत होते. भुसा पडत होता तो त्याने मान खाली घालून खांद्यावर घेतला. मग कळलं की मान खाली घातली की पातं तिरकं जातं, म्हणून वर बघावंच लागतं. वर बघितलं की तो ओला, चिकट भुसा सरळ डोळ्यांत. डोळे मिटले तर पापण्यांच्या आत घासतो, उघडले तर नवीन पडतो. पुसायला हात मोकळा नाही, कारण हात मुठीवर. वर ओढणाऱ्याला जरा तरी मोकळा श्वास मिळतो, खाली ओढणाऱ्याला प्रत्येक श्वासासोबत लाकूड गिळावं लागतं. फडकं घशात जाऊ लागलं. खांद्यांत कुणीतरी खिळे ठोकतंय असं होऊ लागलं. इतकी वर्षं हे सगळं त्याच्याच पायाखाली चाललं होतं आणि त्याला याची गंधवार्ता नव्हती. किंवा होती. त्या खड्ड्यात उभं राहून त्याला तेही नीट सांगता आलं नसतं.

त्याने मूठ दोनदा हिसकली.

करवत वर गेली, खाली आली. वर गेली, खाली आली.

त्याने पुन्हा हिसकली, जोरात. करवत थांबली नाही. उलट वेग वाढला. त्याने ओरडायचा प्रयत्न केला तर तोंडात फडकं. मूठ सोडली तर पातं उसळून छातीत घुसेल, हे लाकूड कापणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून सोडताही येईना. आणि मग त्याने ती चूक केली जी करवतीला नवा माणूससुद्धा एकदाच करतो. तो मुठीला सगळं अंग टाकून लोंबकळला. पातं चिरेत वाकलं, खणकन वाजलं आणि मधोमध तुटलं. खालचा तुकडा मुठीसकट त्याच्या दंडावरून सालपट काढत मातीत रुतला.

वर कुणीतरी हसलं. निदान त्याला तसं ऐकू आलं. त्याने फडकं ओरबाडून फेकलं, हाताला पाचर ठोकायची लाकडी मोगरी लागली, ती घेऊन तो शिडीने वर आला. डोळ्यांपुढे नुसता पिवळा चिखल. काही दिसत नव्हतं.

"मूठ हिसकली ती कळली नाही का तुला?"

भावाचा आवाज समोरूनच आला. "कळली. तुलाही कळायची."

आवाजाच्या दिशेने त्याने मोगरी फिरवली. पुरत्या ताकदीने, दोन्ही हातांनी. काहीतरी लागलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला ओळखू आला, तो वाळक्या फांदीसारखा असतो. पाठोपाठ तांब्या दगडावर पडून घरंगळत गेला आणि पायांवर गार पाणी आलं. खालचा ओरडला, "वहिनी!"

डोळे धुवायला पाणी घेऊन थोरली मध्ये आली होती. तांब्या पुढे केलेला तिचा उजवा हात कोपराखाली मोडला होता.

तो मटकन खाली बसला. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून तो सगळ्यांनाच विचारत राहिला, किती लागलं, किती लागलं. लोक त्याच्यापासून लांब सरकले होते. अखेर धाकटीने बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर ओतलं, तेवढंच.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याने हात दोन काठ्यांत बांधला आणि मान हलवली. हाड जागेवरून सरकलंय, त्याच्याच्याने जमणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, नाहीतर हात वाकडा राहील किंवा सडेल. पुलाचं काम तसंच पडलं. तुटलेली करवत कुणी खड्ड्यातून काढलीसुद्धा नाही. वरच्याचे डोळे तिसऱ्या दिवशी उघडले. उघडले तेव्हा थोरली खाटेवर डाव्या हाताने आपली लुगडी बोचक्यात भरत होती आणि धाकटी तिला गाठ मारून देत होती.

तो जवळ जाऊन उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्हीतलं आधी काय करावं हे कळत नव्हतं.

"तुला नव्हतं मारायचं. मला त्याला मारायचं होतं."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "तुम्हाला नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी मारायचं असतं."

तो म्हणाला, हात बरा झाला की लगेच परत ये, घर कोण बघणार. ती बोचकं दाबत राहिली. मग त्याने तिला शहर समजावायला घेतलं, खोली एवढीशी, त्यात चौघं कशी मावणार, पाण्याला भांडणं, रात्री झोप नाही. सगळं बोलून झालं तोवर बोचक्याला गाठ बसली होती. शेवटी त्याने भावाला हाक मारली, तूच सांग हिला. खालचा दारात उभा होता. तो म्हणाला, वहिनीने परवाच विचारलं, भाऊजी, माझी जागा होईल का. मी होईल म्हणालो.

गाडी सकाळची होती. थांब्यावर चहावाला सोडला तर कुणी नव्हतं. खालच्याने ट्रंक टपावर चढवली, धाकटी पोरीला घेऊन आत जाऊन बसली. वरचा त्यांच्या मागोमाग चालत आला होता, बोलावलं नसताना. वाटेत त्याने मनाशी बरंच काही जुळवलं होतं. माझं चुकलं म्हणायचं. मीही मागून येतो म्हणायचं. तिकडे कुठे हमाली मिळाली तरी करीन, ओंडकेच वाहायचे तर तिथे वाहीन, तिथे तरी मला कुणी वरचा म्हणणार नाही. हे शेवटचं तर त्याला फारच खरं वाटलं होतं आणि ते सुचल्यावर त्याची चाल सुधारली होती.

थोरली पायरीशी पोचली. मोडका हात गळ्यातल्या झोळीत, दुसऱ्या हाताने तिने दांडी धरली. बोचकं खालीच राहिलं. वरचा चटकन पुढे झाला, बोचकं उचललं आणि तिला द्यायला हात वर केला.

ती तिथल्या तिथे आक्रसली. दांडी सुटली, धड हात डोक्यावर गेला, तोंड गाडीच्या पत्र्याकडे वळलं. पाय पायरीवरून घसरला तरी हात खाली आला नाही.

चहावाल्याने मान फिरवली. कंडक्टर तिकिटं चाळू लागला.

"मी मारत नव्हतो," वरचा म्हणाला. "बोचकं देत होतो."

तिने हळूहळू हात खाली घेतला, बोचक्याकडे पाहिलं. घाबरल्याची तिला लाज वाटल्यासारखी दिसली, जणू चूक तिचीच.

"मला आधी हात दिसतो," ती म्हणाली. "बाकीचं मागून."

त्याने बोचकं खाली ठेवलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. आणखी दोन पावलं सरकला. एवढ्या अंतरावर गेल्यावर मगच ती वाकली, बोचकं घेतलं आणि पायरी चढली. मीही येतो हे शब्द त्याच्या तोंडात तयार होते, पण तिच्या शेजारी एका खोलीत बसायचं म्हणजे किती जवळ बसायचं हे त्याला आत्ता कळलं होतं, म्हणून त्याने ते उच्चारले नाहीत. खालचा शेवटी चढला. चढताना त्याने भावाकडे पाहिलं, डाव्या डोळ्याला नीट दिसत नव्हतं म्हणून मान पूर्ण वळवून पाहिलं. आणि दार लावून घेतलं.

गाडी गेली. चहावाल्याने विचारलं, चहा टाकू का. वरचा हो म्हणाला आणि बाकावर बसला. कप हातात देईपर्यंत त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.